टीव्ही, रिसीव्हर आणि सबवूफर कसे जोडायचे: माझे दोन रविवार गेले, तुमचे वाचवा

गुढीपाडव्याला घरी होम थिएटर आणलं. ५.१ चा सेट, म्हणजे पाच स्पीकर, एक सबवूफर आणि एक जाडजूड रिसीव्हर. दुकानदार म्हणाला, "साहेब काही नाही हो, एक केबल टीव्हीला लावायची, झालं काम." संध्याकाळी सहाला बसलो आणि रात्री अकराला उठलो, तेव्हा टीव्हीचा आवाज टीव्हीतूनच येत होता, मागचे दोन स्पीकर मुके, आणि सबवूफर कोपऱ्यात स्टुलासारखा बसलेला, त्याच्यावर बायकोने चहाचा कप पण ठेवून दिला होता. त्यानंतरचा पूर्ण रविवार आणि त्याच्या पुढचा रविवार यात गेला. शेवटी कळलं की एकही वस्तू खराब नव्हती, वायरी पण बऱ्याचशा बरोबर होत्या, घोळ होता तो तीन वेगवेगळ्या मेनूंमधल्या सेटिंगचा आणि एका प्लास्टिकच्या टोपीचा. टोपीचं पुढे सांगतो.

हे पहिल्यांदाच घरी जोडणाऱ्यांसाठी लिहितोय. ज्यांना रिसीव्हर म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची आहे त्यांनी सुद्धा वाचा, अवघड काही नाहीये.

आधी एवढं डोक्यात बसवा

सबवूफर टीव्हीला जोडायचा नसतो. माझी पहिली चूक हीच. टीव्हीच्या मागे हेडफोनचं भोक दिसलं, सबच्या मागे लाल-पांढरी भोकं दिसली, घरात तशी केबल पडलेली होतीच, दिली लावून. सब वाजला, मी खूष, आणि मग लक्षात आलं की नुसतं ढब ढब येतंय आणि माणसं बोलतायत ते कुठूनच येत नाहीये, कारण हेडफोनची पिन घातली की टीव्हीचे स्पीकर बंद होतात.

खरा रस्ता असा आहे: टीव्हीमधून आवाज निघतो तो एका केबलने रिसीव्हरमध्ये जातो. रिसीव्हर त्याची वाटणी करतो, डावीकडचं डावीकडे, संवाद मधल्या स्पीकरला, मागचं मागे, आणि जड आवाज सबवूफरला. म्हणजे सगळ्या वायरी रिसीव्हरमध्येच येऊन मिळतात. आवाज आला नाही की केबल उपटत बसण्यापेक्षा या रस्त्याने चालत जा: टीव्हीने पाठवला का, रिसीव्हरला मिळाला का, रिसीव्हरने पुढे दिला का, सब चालू आहे का. मी हे दुसऱ्या रविवारी दुपारी करायला लागलो आणि दोन तासात सगळं वाजायला लागलं.

सामान काय लागेल

- एचडीएमआय केबल, टीव्ही ते रिसीव्हर पुरेल एवढी. फोर के टीव्ही असेल तर पाकिटावर प्रीमियम हाय स्पीड लिहिलेली घ्या.
- सबवूफरची केबल, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक आरसीए पिन असलेली. तीन ते पाच मीटर. जुन्या डीव्हीडी प्लेयरची पिवळी व्हिडिओ केबल असेल तर ती पण मस्त चालते.
- स्पीकर वायर, १६ गेजची. इलेक्ट्रिशियनच्या भाषेत साधारण दीडच्या वायरीएवढी जाड.
- ऑप्टिकल केबल, टीव्हीला आर्क (एचडीएमआयच्या केबलनेच टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवायची सोय) नसेल तरच.
- वायर सोलायला स्ट्रिपर. नेलकटरने पण होतं पण तारा तुटतात.
- एक पेन्सिल सेल, मास्किंग टेप, पेन, मोबाईलचा टॉर्च.
- टीव्ही आणि रिसीव्हर दोघांची मॅन्युअलं, पीडीएफ मोबाईलमध्ये उतरवून ठेवा.

केबलवर पैसे उडवू नका. मला एका दुकानात सोनेरी पिनांची एचडीएमआय केबल "यात बेस जास्त येतो" म्हणून दाखवत होते. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल जातो, तो एक तर नीट पोचतो नाहीतर अडखळतो, केबलने बेस वाढत नाही. स्पीकर वायर घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर खूप मिळते, दिसायला अगदी तांब्यासारखीच. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत गेलात तर मीटरवर चांगली तांब्याची वायर मिळते. जायच्या आधी भिंतीच्या कडेकडेने सुतळीने माप घ्या. मी हवेतलं सरळ माप घेतलं होतं आणि दाराच्या चौकटीवरून फिरवताना वायर चार फूट कमी पडली.

१. सगळ्यांच्या पाठी बघून घ्या

काहीही जोडायच्या आधी टीव्ही, रिसीव्हर आणि सब यांच्या मागच्या बाजूचे टॉर्च मारून फोटो काढा. टीव्ही भिंतीवर लटकवलेला असेल तर मोबाईल मागे घालून व्हिडिओ काढा, मान मोडून घेऊ नका.

टीव्हीवर दोन किंवा तीन किंवा चार एचडीएमआय पोर्ट असतील, त्यातल्या एकाच्याच शेजारी एआरसी (म्हणजेच आर्क) किंवा ईएआरसी (ई-आर्क) असं बारीक लिहिलेलं असतं. आपल्याला तोच पाहिजे. आर्क ही सोय एचडीएमआय १.४ बरोबर २००९ मध्ये आली, त्यामुळे गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक स्मार्ट टीव्हींमध्ये सापडेल. ई-आर्क २.१ बरोबर २०१७ मध्ये आलं, ते अजून मोठा डेटा नेऊ शकतं.

सबवूफरच्या मागे बघा की त्याला स्वतःची मेनची वायर आहे का. असेल तर तो अ‍ॅक्टिव्ह, त्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर आहे. नसेल, आणि नुसती स्पीकरसारखी लाल-काळी वायर किंवा रंगीत पिन येत असेल, तर तो पॅसिव्ह. एकाच खोक्यात सगळं येतं त्या सेटमध्ये बऱ्याचदा पॅसिव्ह असतो, तो त्याच खोक्यातल्या युनिटच्या सबवूफर लिहिलेल्या टर्मिनललाच लावायचा. पॅसिव्ह सब घेऊन तो रिसीव्हरच्या प्री-आऊटला (सबला सिग्नल देणारं भोक) लावला तर काहीही वाजणार नाही, कारण तिथे ताकदच नसते, नुसता सिग्नल असतो. पुढचं मी अ‍ॅक्टिव्ह धरून लिहितोय.

२. मेन बंद करा आणि स्पीकरच्या वायरी लावा

बंद म्हणजे रिमोटने नाही, बोर्डावरचं बटण बंद आणि प्लग बाहेर.

वायरीचं टोक साधारण एक सेंटीमीटर सोला, उघड्या तारा चिमटीत धरून वळा, एकही तार बाहेर फिस्कारलेली राहता कामा नये. मग रिसीव्हरचा लाल बोंडाचा स्क्रू सैल करा, भोकात वायर घाला, घट्ट करा. लालला लाल, काळ्याला काळं. वायरीच्या दोन बाजू ओळखायला एका बाजूवर रेघ असते किंवा एक तार तांब्याच्या रंगाची आणि एक चांदीच्या रंगाची असते. मी रेघ म्हणजे प्लस असं ठरवलं आणि सगळीकडे तेच पाळलं. काय ठरवता याला महत्त्व नाही, दोन्ही टोकांना एकच पाळा.

इथे माझी एक केसाएवढी तार लालवरून काळ्याला टेकली होती. रिसीव्हर चालू केला, दोन सेकंद उजेड, टक् असा आवाज, आणि डिस्प्लेवर प्रोटेक्ट असं लिहून बंद. पोटात गोळाच आला, म्हटलं गेले पैसे. पण हे त्याचं स्वतःला वाचवणं असतं, शॉर्ट दिसला की तो बंद होतो. प्लग काढा, सगळी टोकं टॉर्चने तपासा, ती तार शोधा. तार नीट केली आणि चालू झाला.

वायर उलटी लागली तर स्पीकर वाजतो, पण आवाज पोकळ येतो, बेस कुठे गेला कळत नाही, आणि गाणारा नक्की कुठे उभा आहे तेच समजत नाही. ही चूक सहज सापडत नाही म्हणून पेन्सिल सेलची युक्ती. वायर रिसीव्हरमधून काढा, स्पीकरची जाळी काढा, एकाला समोर बघायला बसवा आणि सेलचा प्लस त्या वायरीच्या लाल टोकाला, मायनस काळ्याला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. आत गेला तर वायर कुठेतरी उलटी आहे. माझ्या मुलीने हे काम केलं, जमिनीवर पालथी पडून, "बाबा बाहेर… बाहेर… आत!" आणि त्या "आत" ने मागचा उजवा स्पीकर पकडला.

स्पीकर कुठे ठेवायचे: मधला टीव्हीच्या खाली किंवा वर, तुमच्याकडे तोंड करून. पुढचे दोन टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर कानाच्या उंचीला. मागचे दोन सोफ्याच्या बाजूला, किंचित मागे. आपल्या फ्लॅटमध्ये सोफा भिंतीलाच टेकलेला असतो, मग मागचे दोन बाजूच्या भिंतींवर कानापेक्षा फूटभर उंच लावा, काही बिघडत नाही.

३. सबवूफर रिसीव्हरला लावा

रिसीव्हरच्या मागे सबवूफर प्री-आऊट किंवा सब आऊट असं लिहिलेलं एक आरसीए भोक असतं, बऱ्याचदा जांभळं किंवा काळं. केबलचं एक टोक तिथे. दुसरं टोक सबच्या एलएफई (जड आवाजांचा खास चॅनेल) लिहिलेल्या भोकात. एलएफई नसेल, लाइन इन म्हणून डावं-उजवं अशी दोन असतील तर डाव्यात, त्याच्या बाजूला मोनो पण लिहिलेलं असतं. एकच केबल पुरते, कारण सबचा सिग्नल मुळात एकच असतो. ५.१ मधला जो पॉइंट वन आहे तो हाच, फक्त १२० हर्ट्झपर्यंतच्या जड आवाजांचा चॅनेल.

रिसीव्हरवर तशाच दिसणाऱ्या लाल-पांढऱ्या जोड्या भरपूर असतात, त्या ऑडिओ इन असतात, तिथे सबची केबल लावलीत तर शांतता. मी लावली होती. पिन आरामात बसते म्हणून शंकाच येत नाही.

जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला सब आऊट नसतो. त्यांनी सबच्या मागे हाय लेव्हल इनपुट आहे का बघावं, तिथे अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकर वायर थेट लावता येते.

आता सबच्या पाठीवरची बटणं. ही सुरुवातीला अशी ठेवा:

- व्हॉल्यूम किंवा गेन: मध्यावर, घड्याळात बारा वाजतात तिथे.
- क्रॉसओव्हर किंवा लो पास: पूर्ण उजवीकडे, सगळ्यात जास्त. एलएफईचं वेगळं बटण असेल तर ते चालू.
- फेज (सबचा ठोका बाकी स्पीकरांशी जुळवणारं बटण): शून्य.
- पॉवर: ऑटो नाही, ऑन.

क्रॉसओव्हर पूर्ण उजवीकडे का, तर कुठल्या आवाजापासून सबला द्यायचं हे रिसीव्हर ठरवणार आहे. दोघांनी कापाकापी केली तर मधला तुकडा कोणाकडेच जात नाही आणि ढोलाचा ठोका एकदम पातळ लागतो. आणि ऑटो का नको, तर रात्री हळू आवाजात लावलं की सबला वाटतं कोणी बोलावलंच नाही, तो झोपून जातो. सगळं जमल्यावर हवं तर ऑटोवर करा, वीज वाचते.

४. टीव्ही रिसीव्हरला लावा

टीव्हीला आर्क असेल तर टीव्हीच्या आर्कवाल्या पोर्टमधून केबल काढा आणि रिसीव्हरच्या एचडीएमआय आऊटमध्ये घाला. आऊटमध्ये, इनमध्ये नाही. इथे सगळेच फसतात, कारण आपण म्हणतो आवाज रिसीव्हरच्या आत जायचाय तर इनमध्येच लावायला पाहिजे ना. आर्कमधला आर म्हणजे रिटर्न. चित्र रिसीव्हरकडून टीव्हीकडे जातं आणि त्याच केबलने आवाज उलटा परत येतो. रिसीव्हरला दोन आऊट असतील तर ज्याच्यावर एआरसी लिहिलंय तो.

आर्क नसेल तर ऑप्टिकल. टीव्हीवर चौकोनी छोटं दार असतं, आत लाल उजेड दिसतो. आता ती टोपी: नवीन ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना नखाएवढी पारदर्शक प्लास्टिकची टोपी असते. इतकी पारदर्शक की ती आहे हेच दिसत नाही. माझ्या जुन्या टीव्हीवर आधी ऑप्टिकल करून बघत होतो, एका टोकाची काढली, दुसऱ्याची तशीच राहिली, आणि मी तशीच दाबून बसवायला बघतोय, नीट बसत नाही म्हणून पोर्टला शिव्या घालतोय. टोपी काढली की टक् करून बसते. एक टोक टीव्हीला लावून टीव्ही चालू केला की दुसऱ्या टोकाला लाल ठिपका दिसला पाहिजे, दिसला म्हणजे केबल ठीक आहे. ही केबल काटकोनात दुमडू नका, आत प्रकाश जातो, दुमडली की गेली. ऑप्टिकलमधून साधा स्टिरिओ आणि डॉल्बी डिजिटल ५.१ जातं. ओटीटीवाले बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लस पाठवतात, ते ऑप्टिकलमधून तसंच्या तसं जात नाही, टीव्ही ते बदलून देतो किंवा सरळ स्टिरिओ करतो. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) तर विसराच.

दोन्ही नसेल, खूपच जुना टीव्ही असेल, तर हेडफोनच्या भोकातून साडेतीन एमएमची पिन ते लाल-पांढरी आरसीए, ती रिसीव्हरच्या ऑडिओ इनमध्ये. स्टिरिओच मिळेल पण सब वाजेल, कारण वाटणी रिसीव्हर करतो.

सेट टॉप बॉक्सचं काय? तो रिसीव्हरच्या एचडीएमआय इनमध्ये लावा असं सगळीकडे सांगतात आणि ते बरोबर आहे, आवाज थेट मिळतो. पण घरात सकाळी सहाला बातम्या लावणारे बाबा असतील तर दोनदा विचार करा. मी बॉक्स रिसीव्हरला लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "अरे टीव्ही बिघडवलास का?" रिसीव्हर बंद म्हणून चित्रच नाही. रिसीव्हरमध्ये स्टँडबाय थ्रू किंवा एचडीएमआय पास थ्रू असं सेटिंग असतं, ते चालू केलं तर रिसीव्हर झोपलेला असतानाही चित्र पुढे जातं. मी शेवटी बॉक्स टीव्हीलाच लावून टाकला. बाबा एका रिमोटवर खूष. तुमचा रिसीव्हर फोर के च्या आधीच्या जमान्यातला असेल तर तुम्हीही फोर के वाली स्टिक वगैरे टीव्हीलाच लावा, नाहीतर चित्राचा दर्जा रिसीव्हर अडवेल.

५. टीव्हीला सांगा की आवाज बाहेर पाठव

केबल लावली म्हणजे आवाज जातो असं नाही. टीव्हीच्या साऊंडच्या मेनूत जाऊन तीन गोष्टी करायच्या.

एक, साऊंड आऊटपुट किंवा स्पीकर्स: इथे टीव्ही स्पीकर असतं, ते बदलून एचडीएमआय एआरसी, रिसीव्हर किंवा ऑडिओ सिस्टिम करा, ऑप्टिकल असेल तर ऑप्टिकल.

दोन, सीईसी चालू करा, त्याने टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआयच्या केबलवरून एकमेकांना हुकूम देऊ शकतात. हे नाव मेनूत सापडत नाही कारण प्रत्येक कंपनीने बारसं वेगळं केलंय. सॅमसंगवर अ‍ॅनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. रिसीव्हरच्या एचडीएमआय मेनूत पण सीईसी किंवा एचडीएमआय कंट्रोल आणि आर्क, दोन्ही ऑन करा. बऱ्याच रिसीव्हरमध्ये हे कंपनीकडूनच बंद येतं आणि माझा पहिला रविवार इथेच गेला. याचा फायदा पण आहे, टीव्हीच्याच रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त होतो.

तीन, डिजिटल आऊटपुट फॉरमॅट: ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पास थ्रू ठेवा, म्हणजे टीव्ही आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरला देतो. पीसीएम (टीव्हीनेच उलगडून दिलेला आवाज) ठेवलंत तर साध्या आर्कवरून आणि ऑप्टिकलवरून दोनच चॅनेल जातात, मागचे स्पीकर गप्प. पेन ड्राइव्हवरचा एखादा पिक्चर लावला आणि चित्र आहे, आवाजच नाही असं झालं तर त्याचा ऑडिओ डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार) असेल, पुष्कळ टीव्ही डीटीएस वाचतच नाहीत. जोडणीत चूक नाहीये.

हे करूनही आर्क उठत नसेल तर टीव्ही आणि रिसीव्हर दोघांचेही प्लग बोर्डातून काढा, चहा पिऊन या, आधी टीव्ही मग रिसीव्हर चालू करा. हा तोडगा देवऋषीछाप वाटेल पण एचडीएमआयची आपापसातली ओळख परेड नव्याने होते आणि निम्म्या वेळा काम होतं.

यूट्यूबवरचं जवळजवळ सगळं स्टिरिओ असतं. मागचे स्पीकर वाजत नाहीत म्हणून त्यावर टेस्ट करू नका, मी करत होतो. ओटीटीवर ज्याच्यापुढे ५.१ लिहिलंय असं काहीतरी लावा आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी असं उमटतंय का बघा. स्टिरिओ गाणी पाचही स्पीकरमधून हवी असतील तर रिसीव्हरच्या रिमोटवर डॉल्बी सराऊंड किंवा प्रो लॉजिक असा मोड निवडा. सत्यनारायणाला पाहुण्यांनी घर भरलं असेल तर ऑल चॅनेल स्टिरिओ.

६. रिसीव्हरची मोजणी

बहुतेक रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. डेनॉनमध्ये या प्रकाराचं नाव ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ. माइक समोर खोचायचा, तुम्ही बसता तिथे कानाच्या उंचीला ठेवायचा, हातात धरायचा नाही. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड असेल तर उत्तम, नसेल तर मी केलं तसं स्टुलावर डबे रचा. पंखा बंद, खिडक्या बंद, मिक्सर बंद. माझ्या पहिल्या मोजणीत डाव्या स्पीकरच्या वेळी कुकरची शिट्टी झाली आणि रिसीव्हरने तो डावा स्पीकर काय समजला देव जाणे, त्याचा आवाजच कमी करून टाकला. परत केली.

मोजणी झाल्यावर ती आंधळेपणाने मान्य करू नका. मेनूत जाऊन बघा:

- सबवूफर: येस आहे का. नो असेल तर केबल सुटलीय किंवा सब बंद होता.
- स्पीकर साइज: छोटे शेल्फवरचे स्पीकर असताना लार्ज दाखवत असेल तर स्मॉल करा. लार्ज म्हणजे जड आवाज त्या स्पीकरलाच देणार, सबला फक्त पिक्चरमधला एलएफई, म्हणून गाण्यात सब वाजतच नाही. "पिक्चरला वाजतो, गाण्याला नाही" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हे एवढंच असतं.
- क्रॉसओव्हर: ८० हर्ट्झ. थिएटरच्या आवाजाचे दर्जे ठरवणाऱ्या टीएचएक्स कंपनीचा पण हाच आकडा. त्याच्या खालचा आवाज नक्की कुठून येतोय हे कानाला धड कळत नाही, म्हणून सब कोपऱ्यात असला तरी आवाज टीव्हीतूनच आल्यासारखा वाटतो. तुमचे स्पीकर अगदी मुठीएवढे असतील तर १२० किंवा १५० ठेवा, पण मग सब पुढेच ठेवायला लागेल.

७. सबची जागा, यात कंजूषी नको

सगळ्यात जास्त फरक मला इथे पडला आणि याला एक रुपया लागला नाही. एकाच खोलीत एका जागी सब घुमतो आणि दोन फुटांवर गायब होतो, भिंतींवरून लाटा उलटतात, कुठे एकमेकींत भर घालतात कुठे एकमेकींना मारतात.

पद्धत अशी, आणि ही करताना घरचे हसतील. सब उचलून सोफ्यावर ठेवा, म्हणजे जिथे तुम्ही बसता तिथे. ढोल-ताशाचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग लावा, ढोल त्याला मस्त, सारखा एका लयीत ठोका येतो. मग स्वतः गुडघ्यावर रांगत खोलीच्या कडेकडेने फिरा, कान सबच्या उंचीला. कुठे ठोका गिजगिजीत होतो, कुठे नुसता हादरा, आणि एखाद्या जागी टिपरू चामड्यावर पडल्यासारखा सुटा ठोका येतो. ती जागा सबची. मी रांगत असताना आई आतून आली, म्हणाली, "काय हरवलं रे? मी पण शोधू का?" मला शोकेस आणि बाल्कनीचं दार यांच्या मधली जागा सापडली, जिथे मी आयुष्यात सब ठेवला नसता. कोपऱ्यात ठेवल्यावर आवाज सगळ्यात मोठा येतो, पण मोठा म्हणजे चांगला असं नाही.

सब तिथे ठेवल्यावर सोफ्यावर बसा आणि कोणाला तरी फेजचं बटण शून्यावरून १८० वर करायला सांगा. ज्या बाजूला ठोका भरीव वाटतो तिथे सोडा. मग मोजणी परत एकदा करा, जागा बदलली ना. व्हॉल्यूम इतकाच ठेवा की सब वाजतोय हे कळू नये, पण बंद केला की काहीतरी गेलं हे कळावं. पहिल्या आठवड्यात सगळे जास्तच ठेवतात, मीही.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर सबच्या खाली जाड रबर किंवा फोमचा तुकडा घाला. बेस भिंतीला जुमानत नाही, स्लॅबमधून खाली जातो. रहिवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका नियम वगैरे काही बोलले नाहीत, लिफ्टमध्ये एवढंच विचारलं, "काल लढाई कोण जिंकलं?" तेव्हापासून दहानंतर रिसीव्हरचा नाईट मोड चालू करतो, त्यात स्फोट दबतात आणि बोलणं वर येतं.

८. अजून दोन त्रास

सबमधून सतत हम्म्म येतंय, काही लावलेलं नसताना पण. हा ५० हर्ट्झचा, म्हणजे आपल्या मेनच्या विजेचा गुणगुणाट, वेगवेगळ्या अर्थिंगमधून वेटोळं तयार झालं की येतो. आधी सेट टॉप बॉक्सची केबलवाल्याची किंवा डिशची गोल वायर काढून बघा. हम्म थांबला तर गुन्हेगार ती, तिच्यासाठी आयसोलेटर (मधे लावायचा, अर्थिंगचा संबंध तोडणारा छोटा जोड) मिळतो. नाही थांबला तर टीव्ही, रिसीव्हर, सब सगळे एकाच बोर्डावर घ्या आणि सबची केबल मेनच्या वायरीपासून लांब न्या. कोणी सांगेल प्लगची तिसरी मोठी पिन काढून टाका, हम्म जातो. जातो खरा, पण अर्थिंगही जातं आणि उद्या शॉक बसेल. ते करू नका.

दुसरा त्रास, ओठ हलतात आणि आवाज पुढे-मागे होतो. आवाज आधी येत असेल तर रिसीव्हरच्या ऑडिओ डिलेमध्ये थोडं थोडं वाढवत जा, बातम्या देणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून जुळवा, त्या क्लोजअपमध्ये असतात म्हणून सोपं जातं. आवाज उशिरा येत असेल तर रिसीव्हरचा आणि टीव्हीचा असे दोन्ही डिले शून्यावर आणा. आणि आवाज डबल, विहिरीत बोलल्यासारखा येत असेल तर टीव्हीचा स्वतःचा स्पीकर चालूच राहिलाय, पायरी ५ परत बघा.

९. टेप आणि फोटो

सगळं वाजायला लागलं की त्याच दिवशी, दमला असलात तरी, प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेपचा झेंडा लावून नाव लिहा: पुढचा डावा, मधला, सब, टीव्ही आर्क. मग रिसीव्हरच्या पाठीचा, सबच्या बटणांचा आणि टीव्हीच्या साऊंड मेनूचा फोटो काढून मोबाईलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मी हे केलं नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत शोकेस हलवलं, कोणीतरी प्रेमाने सगळ्या वायरी सोडवून, पुसून, गुंडाळून, रबर लावून एका पिशवीत भरून ठेवल्या, आणि नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून मी परत टॉर्च घेऊन रिसीव्हरच्या मागे.

तिसऱ्यांदा अर्धा तास लागला.